पहिलं पोतं गोशाळेला

७ एप्रिल, सोमवार

हर्षित म्हणाला, तुझी फॅक्टरी जेवणाच्या ताटात आणू नको, वहीत लिही. नवरा म्हणवतो आणि बायकोचं अर्धा तास ऐकवत नाही. बरं, वही तर वही. निदान मध्येच मोबाईल तरी काढत नाही.

बुटीबोरीच्या आमच्या कारखान्यात गायी-म्हशींची कांडी, म्हणजे दाबून केलेलं तयार पशुखाद्य, बनते. ढेप म्हणजे सरकीची पेंड, मका, कोंडा, गुळाची मळी, मीठ आणि अगदी थोडा युरिया. किती काय घालायचं ते एक जुना कोबॉल प्रोग्राम ठरवतो. लिहिणारा माणूस केव्हाच वारला. ढेप हलकी निघाली, प्रथिनं कमी भरली, की त्या घाण्यात युरिया किंचित वाढवायचा, नाहीतर नाही, हे सगळं त्याच्यातच आहे. घाणा म्हणजे एका वेळी मिक्सरमधून निघणारा माल. बॅच वगैरे इथं कोणी म्हणत नाही, भजी तळावीत तसा घाणाच म्हणतात.

तो प्रोग्राम ज्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, चालतो आणि जे सांभाळणं माझं काम, ते आता मरायला टेकलंय. नवीन घ्या म्हणून मी दोन वर्षं भैयाजींच्या मागे लागले होते. भैयाजी मालक, माणूस चांगला, पण नव्या वस्तूला हात लावायच्या आधी दहा जणांना विचारणार. आज म्हणाले, "बेटा, प्रोग्राम बिघडला तं?" मी त्यांना नीट बसवून समजावलं. कोबॉल ही भाषा आहे. ती जिच्यावर चालते ते रनटाइम वेगळं. लोक दोन्ही एकच समजतात म्हणून घाबरतात. भाषा म्हणजे माझ्या आईची कृती, रनटाइम म्हणजे चूल. आपण फक्त चूल बदलतोय, कृतीतलं अक्षर हलत नाही. भैयाजी हसले आणि सही केली.

संध्याकाळी हे सगळं मोठ्या तोऱ्यात आईला सांगितलं. आई सध्या सावनेरहून आमच्याकडे मनीषनगरला आलीय, गुडघ्याच्या औषधासाठी. ती म्हणाली, "गोवऱ्यावरचे रोडगे गॅसवर होत नाहीत वं." मी हसले. आईला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.

१३ एप्रिल, रविवार

सुट्टी असून फॅक्टरीत गेले. हर्षितचं तोंड फुगलंय, फुगू दे.

तपासणी पूर्ण. जुन्या आणि नव्या मशीनवर प्रत्येक प्रकारची कांडी एकेक करून चालवली. प्रोग्राम उघडायचा, एक घाणा काढायचा, आकडे ताडून बघायचे, बंद करायचा, मग पुढचा. आकड्याला आकडा जुळला, अगदी शेवटच्या ग्रॅमपर्यंत. अशी तपासणी नागपुरात दुसरं कोणी करून दाखवावी. हो, आहे मला गर्व, वहीपुढे कशाला लपवू.

१५ एप्रिल, मंगळवार

आज नवीन मशीन सुरू झालं. भैयाजींनी नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर उडालं, मी ओरडले.

आमच्या फॅक्टरीची एक जुनी रीत आहे. भैयाजींच्या वडिलांनी घातलेली. सकाळच्या पहिल्या घाण्याचं पहिलं पोतं विकायचं नाही, ते गोशाळेला जातं. लॅबवालेही त्याच पोत्यातून मूठभर कांडी तपासायला घेतात, कारण तेच सगळ्यात आधी हाती लागतं. आजचा रिपोर्ट एकदम चोख आला. भैयाजी म्हणाले, गोमातेनं पास केलं म्हणजे झालं.

आणि वेग काय आहे! जुनं मशीन दर घाण्याला प्रोग्राम नव्यानं उघडायचं, कुरकुरायचं, बंद करायचं, परत उघडायचं. ऑपरेटर तेवढ्यात तंबाखू मळून घ्यायचा. नवीन मशीनवर सकाळी एकदा उघडला की संध्याकाळपर्यंत जागाच. घाण्यामागून घाणा. दिवसाला कितीतरी माल जास्त निघतो आहे. मला बोनस मिळायला हवा खरं तर.

२१ एप्रिल, सोमवार

काल सावनेरला जाऊन आले. भावाच्या, म्हणजे धर्मेंद्रच्या घरी गोठा आहे, पण गोठा खरा वंदनाचा. माझी भावजय लग्न होऊन आली तेव्हा दारात एक म्हातारी गाय होती. आज रांग उभी आहे. बारावीनंतर शिकू दिलं नाही म्हणून सगळी हुशारी तिनं गोठ्यात लावली. चांदणी तर तिनं वासरी असल्यापासून बाटलीनं वाढवली. आता चांदणी गाभण आहे, पहिलं वेत. वंदना तिच्या पोटाला कान लावून बसते. मी चिडवलं की माझ्या भावाला कधी एवढा कान लावला का. ती म्हणाली, "ताई, तुमचे भाऊ बोलतेत, हे बिचारी बोलत नाही ना."

ती ढेपच घालत होती. मीच आग्रह केला की आता आमची कांडी सुरू कर, नवीन मशीनवर तोलून-मापून बनते, दूध वाढेल, वासरू धष्टपुष्ट होईल. वंदना म्हणाली, तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असेल. पहिली पोती माझ्याकडून भेट. आमचा सावनेरचा ट्रक सगळ्यात शेवटी, संध्याकाळच्या घाण्यांवर भरला जातो, त्यामुळे माल अगदी ताजा पोहोचतो.

एक फालतू गोष्ट. स्टोअरचा ऋषिकेश आज म्हणत होता की युरिया आजकाल लवकर संपून राहिला. मी म्हटलं, माल जास्त निघतो तर सामान जास्त लागणारच, एवढं गणित येत नाही का. तो म्हणाला, मॅडम, त्या हिशेबानंही जास्त आहे. मी म्हटलं, मग स्टोअरला कुलूप नीट लावत जा. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. पण खरंच, बुटीबोरीत युरिया कोण कुठून उचलून नेईल याचा नेम नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

ऊन असं की कूलरची हवासुद्धा भाजते.

सावनेर रोडच्या एका विक्रेत्याचा फोन होता. गुरं कांडी पूर्ण खात नाहीत, पोतं फोडलं की नाकात झणझण वास जातो म्हणे. भैयाजींनी स्पीकरवर ऐकवला. मी सांगितलं, उन्हात पोती ठेवली तर मळी आंबते, सावलीत ठेवा. भैयाजींनी गोशाळेला फोन लावला. तिथल्या गायी ठणठणीत. लॅबचे रिपोर्ट रोजचे चोख. मग अजून काय पाहिजे?

रात्री वंदनाचाही फोन. दोन गायी सुस्त आहेत, लाळ गाळतात, चांदणी कान हलवत राहते. मी म्हटलं, ऊन लागलं असेल, गूळपाणी दे, अंगावर ओलं फडकं टाक. ती हो म्हणाली. कांडी बंद करू का, विचारत होती. मी म्हटलं, वेडी आहेस का, अशा वेळी तर ताकद लागते.

२७ एप्रिल, रविवार

चांदणी गेली.

सकाळी फोन आला तेव्हा वंदनाला बोलता येत नव्हतं, धर्मेंद्रच बोलला. आम्ही तसेच निघालो, आईही. पोचेपर्यंत संपलं होतं. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, तोंडाला फेस. वासरूही पोटातच. वंदना तिच्या मानेशी बसली होती आणि कोणी उठवायला गेलं की नुसती त्याच्याकडे बघायची. मी गेले तर माझ्याकडेही तसंच बघितलं. मला फार भरून आलं, पण तिच्यासमोर रडायचा हक्क नाही असं वाटलं. का वाटलं कोणास ठाऊक.

डॉक्टरनं दुसऱ्या दोघींना व्हिनेगर आणि थंड पाणी पाजून वाचवलं. तो म्हणाला, ही लक्षणं युरियाची. गुरानं युरिया चाटला. गोठ्याच्या कोपऱ्यात चाऱ्याच्या मक्यासाठी आणलेली युरियाची थैली होतीच, आणि तिचं तोंड उघडं होतं. गोठ्याचं काम धोंडबा बघतो. म्हातारा, बरीच वर्षं इथंच आहे. तो शपथा घेत होता की मी थैली बांधली होती, उंदरानं दोरी कुरतडली असेल, पण गुरं तिथवर पोचतच नाहीत, दावं पुरत नाही. धर्मेंद्रचा राग कोणाला माहीत नाही? त्यानं धोंडबाला तिथल्या तिथं कामावरून काढलं. मीही बोलले. म्हटलं, धोंडबा, एक थैली बांधता येत नाही का? तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, मी बांधली होती." एवढंच म्हणत राहिला.

निघताना बघितलं, वंदना त्याला मागच्या दारानं एक पोतं देत होती. आमच्या कांडीचंच, न फोडलेलं. डॉक्टरनं आठ-दहा दिवस सगळ्यांना फक्त हिरवा चारा सांगितलाय, त्यामुळे पडूनच राहिलं असतं. धोंडबाच्या घरी एक म्हैस आहे, तिच्या दुधावरच आता त्यांचं चालणार. वंदना म्हणाली, इतक्या वर्षांच्या माणसाले रिकाम्या हातानं कसं धाडू. एवढ्या दुःखात तिला हे सुचलं. मोठ्या मनाची आहे माझी भावजय.

३० एप्रिल, बुधवार

नीट लिहिते.

संध्याकाळी आई ज्वारीच्या भाकरी थापत होती. मी ओट्याशी उभी राहून पहिलीच उचलली. ती म्हणाली, "थांब वं, पहिली कच्चीच राहते. तवा तापाले लागते." मग तीन-चार झाल्यावर एक करपली, तेव्हा तिनं आच बारीक केली. पीठ तेच, हात तोच, आच तीच, मग करपली कशी, मी सहज विचारलं. आई म्हणाली, "काहून म्हणजे? तवा मागच्या भाकरींची आच धरून ठेवते ना. दर भाकरीले तवा धुतला असता तं नसती करपली."

मी भाकर हातात घेऊन तशीच उभी राहिले. मी तपासणी केली तेव्हा दर भाकरीला तवा धुतला होता. दर घाण्याला प्रोग्राम बंद करून उघडला होता. सकाळचं पहिलं पोतंही थंड तव्यावरचंच असतं.

आई विचारते आहे, चेहरा असा काहून झाला. काही नाही म्हटलं. उद्या महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहे, फॅक्टरी बंद. उद्याच जाते.

१ मे, गुरुवार

खरं निघालं.

प्रोग्राम उघडला आणि बंद न करता एकामागून एक घाणे काढत गेले. पहिला बरोबर. दुसऱ्यात युरिया किंचित जास्त. पुढे वाढतच गेला. दिवसभराचे घाणे काढून झाले तेव्हा पडद्यावरचा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट होता.

वाढीव युरियाचा आकडा शून्यापासून सुरू होतो, असं प्रोग्राममध्ये स्वच्छ लिहिलंय. पण ते शून्य फक्त प्रोग्राम उघडताना बसतं. पुढे प्रत्येक घाण्याची वाढ मागच्या वाढीवर चढते. मर्यादा तपासणारी ओळ आहे, पण ती त्या एका घाण्याची वाढ तपासते, साचलेली नाही. जुनं मशीन दर घाण्याला सगळं पुसून टाकायचं, म्हणून ही चूक कधी दिसलीच नाही. कोबॉलनं कधी म्हटलं नव्हतं की मी विसरेन. विसरायचं काम त्या खडखडत्या मशीनचं होतं आणि मी ते भंगारात दिलं. भाषा वेगळी आणि रनटाइम वेगळं, हे ज्यांना कळत नाही त्यांना मी हसत होते. मला तर तोंडपाठ होतं.

संध्याकाळचे घाणे सावनेरच्या ट्रकमध्ये जातात. चांदणीला मी मारलं. धोंडबानं थैली बांधली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मीच, वरून त्याला बोल लावून आले.

२ मे, शुक्रवार

सकाळी मिक्सर सुरू व्हायच्या आधी भैयाजींच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. आजपासून दर घाण्याला प्रोग्राम बंद करून उघडायचा, हे त्यांनी लगेच मान्य केलं. मग म्हणाले, विकलेल्या मालाचं काय ते मी बघतो. आज विक्रेत्यांना सांगितलं तर उद्या गावभर बोंब होईल, पोरंबाळं असलेले कामगार आहेत, फॅक्टरीला टाळं लागेल. रविवारी सुट्टी आहे, सोमवारी माल बदलून देतो म्हणून गुपचूप परत मागवतो. तोपर्यंत तोंड उघडू नको.

मी म्हटलं, तोपर्यंत कोणाची गुरं मेली तर? ते म्हणाले, "बेटा, आत्तापर्यंत एकच गेली, अन् ते तुह्या घरची. तू रागात आहेस. दोन दिवसानं काय होते?"

मी भांडायला हवं होतं. मी, जी भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडते. पण त्या क्षणी मला एकच दिसत होतं, वंदनाचा चेहरा. तिला सांगायचं कसं? सोमवारी सगळं निस्तरल्यावर सांगणं सोपं जाईल असं वाटलं. आणि आपल्या गोठ्यात तर कांडी बंदच आहे, हिरवा चारा सुरू आहे. म्हणून हो म्हटलं.

३ मे, शनिवार

दर घाण्याला बंद, दर घाण्याला चालू. आकडे बरोबर. ऋषिकेश म्हणाला, मॅडम, युरिया आता पुरून राहिला, मी कुलूप बदललं म्हणून असेल. मी त्याला हो म्हटलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. आईनं दृष्ट काढली.

४ मे, रविवार

हे मी वंदनाच्या गोठ्याबाहेर बाजेवर बसून लिहिते आहे. वही पर्समध्ये होती.

सकाळी वंदनाचा फोन आला. आवाज जरा बरा होता. गोठा एकटीनं ओढवत नाही म्हणाली, धोंडबाची आठवण येते, त्याची म्हैस तरी आपल्या पोत्यानं बरं दूध देत असेल. मी चहाचा कप खाली ठेवला. ते पोतं माझ्या डोळ्यांसमोर मागच्या दारानं गेलं होतं, मी इथं त्याचं कौतुक लिहिलं होतं, आणि इतक्या दिवसांत ते मला एकदाही आठवलं नाही. आपला गोठा म्हणताना मी धोंडबाला मोजलंच नव्हतं.

म्हटलं, त्याला निरोप दे, ती कांडी म्हशीला घालू नको म्हणावं. वंदनानं विचारलं, "काहून, ताई?" आणि अजूनही माझ्या तोंडातून खरं निघालं नाही. म्हटलं, जुनी झाली असेल. धोंडबाचा मोबाईल बंद होता. हर्षितला उठवलं, गाडी काढायला लावली. रस्ताभर तो काय झालं विचारत होता. त्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच त्यानं मधे न बोलता ऐकलं.

धोंडबाचं घर गावाच्या टोकाला आहे. म्हैस अंगणातच आडवी पडली होती. पोट फुगलेलं, तोंडाशी फेस वाळलेला, माशा. पोतं भिंतीशी उभं होतं, वर आमच्या फॅक्टरीचा शिक्का. त्याची बायको रुखमाबाई मला बघून लगबगीनं उठली. तिनं बाज झाडली, पाणी दिलं. दूध नाही म्हणून कोरा चहा मांडते म्हणाली. मला वाटलं ती रडेल. तिचा चेहरा वेगळाच होता, मला आधी कळेना. मग ती बोलली.

"बाई, बरं झालं तुम्ही आल्या. हे तुमच्याच घरी गेले आत्ता, सांगाले. पहा ना, आमच्याजवळ वावर नाही, युरियाची थैली नाही. तरी म्हैस तश्शीच गेली, चांदणीवानी. आता तं मालक मानतीन ना, का यायनं थैली बांधली होती म्हणून?"

घरातलं एकुलतं एक दुभतं जनावर अंगणात मरून पडलंय आणि तिला हायसं वाटत होतं. मी शुक्रवारी तोंड उघडलं असतं तर ती म्हैस आज उभी असती. धोंडबानं पोतं शनिवारी संध्याकाळी फोडलं होतं. तोवर जपून ठेवलं होतं, मालकाच्या गुरांची कांडी आहे म्हणून.

मी तिला सांगितलं. मशीन, प्रोग्राम, तवा, सगळं. तिला मशीनचं कळलं नाही, पोत्याचं कळलं. तिनं उठून पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "म्हणजे यायचं काहीच चुकलं नव्हतं."

"नव्हतं."

"मंग हे मले नका सांगू. तिथं चला, सगळ्यायसमोर सांगा."

तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, दाराला कडी घातली आणि गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसली. मी मागे बसले.

इथं आले तेव्हा धोंडबा ओसरीच्या पायरीशी उभा होता आणि धर्मेंद्र मान खाली घालून त्याचं ऐकत होता. वंदना दारात होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, काही गाळलं नाही. शुक्रवारी माहीत होतं आणि गप्प बसले, तेही. धर्मेंद्र उठून विहिरीकडे निघून गेला. धोंडबानं टोपी काढली, परत घातली. वंदनानं एकच विचारलं, कांडी बंद करू का म्हणून मी फोन केला होता तेव्हा तुम्ही काय म्हणाल्या होत्या, ताई? तिला आठवत होतं, पण माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी सांगितलं. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

ट्रकच्या वाटेवरच्या सगळ्या विक्रेत्यांना मी इथूनच फोन केले. एक जण म्हणाला, उशीर केला मॅडम, इथंही दोन गेल्या, आम्ही साप चावला समजलो. भैयाजींचे फोन येत आहेत, मी उचलत नाही. हर्षित रुखमाबाईला घरी सोडायला गेलाय. धोंडबा गेला नाही. त्याला कोणी ये म्हटलं नाही, तरी तो गोठ्यात शिरला आणि गुरांना पाणी दाखवतो आहे. चांदणीच्या खुंट्याशी तो थांबला, सुटलेलं दावं गुंडाळून वर टांगलं, आणि पुढच्या गायीकडे गेला.

दार अजून बंद आहे. मी इथंच बसले आहे.